उगवण चाचणी

आपल्यापैकी बहुतेकांच्या गावाकडे आता एक तरी वेबसाइट असते. काकाचं दुकान, मावशीची खानावळ, मित्राचे क्लासेस, नाहीतर कुणाचं तरी मंगल कार्यालय. आणि आपण पुण्या-मुंबईत 'कम्प्युटरमध्ये' असतो, त्यामुळे ती बंद पडली की फोन आपल्यालाच येतो. आपण ऑफिसात नेमकं काय करतो याच्याशी गावाला काही देणंघेणं नसतं. डॉक्टर दिसला की लग्नाच्या पंगतीतही कुणीतरी गुडघा दाखवणारच, तसंच हे.

माझ्या वाट्याला अशा दोन साइट आल्यात. एक नांदेडची, आत्याच्या मुलाच्या लॉजची. दुसरी लातूरची, मामाच्या कृषी सेवा केंद्राची. दोन्ही वर्डप्रेसवर, दोन्ही कुणीतरी 'ओळखीच्या पोराने' करून दिलेल्या, आणि दोन्हीकडचं पोर पुढे नोकरी लागून निघून गेलेलं. (आपणही कधीकाळी असंच कुणाचं तरी पोर होतो. असो.)

आधी नांदेडचं सांगतो, कारण तिथे आग लागली होती.

दादाचं लॉज लहान आहे, पण सचखंड गुरुद्वाऱ्याला येणाऱ्या भाविकांमुळे बऱ्यापैकी चालतं. होला मोहल्ल्याच्या आठवड्यात पंजाबातून माणसं येतात, घरातल्या म्हाताऱ्यांना आणि लेकरांना घेऊन. सचखंड एक्सप्रेसने दीड दिवसाचा प्रवास करून उतरलेल्या कुटुंबाला "तुमचं बुकिंग दिसत नाही हो" असं सांगणं म्हणजे काय, हे काउंटरवर उभं राहणाऱ्यालाच कळतं. आणि नेमकं होला मोहल्ल्याच्या दोन आठवडे आधी लुधियानाच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला, की गूगलवर तुमचं नाव टाकलं तर जपानी अक्षरं आणि बुटांच्या जाहिराती दिसतात.

दादाने आपल्या मोबाइलवर साइट उघडली. व्यवस्थित! खोल्यांचे फोटो, दर, सगळं जागच्या जागी. या हल्ल्याची हीच खुबी आहे. घुसलेला माणूस तुमच्या डोमेनखाली हजारो खोटी पानं तयार करतो आणि ती फक्त गूगलला दाखवतो. मालकाला आपलं घर नेहमीसारखंच दिसत राहतं. दुसऱ्या दिवशी होस्टिंगवाल्यांनी खातंच बंद केलं, आणि मग मला फोन आला.

"अरे, पण ते रोज बॅकअप घेतात म्हणे!" दादा म्हणाला.

घेत होते, खोटं नव्हतं. पण सात दिवसांचेच ठेवत होते. फाइलींच्या तारखा बघितल्यावर कळलं की घुसखोर जवळजवळ दोन महिन्यांपूर्वी आत आलेला. फॉर्मबरोबर फाइल जोडायचं एक प्लगइन होतं, दोन वर्षं कुणी अपडेट न केलेलं, तिथून. म्हणजे सातच्या सात प्रतींमध्ये तो आरामात बसलेला होता. आठवडाभराचा बॅकअप हा आठवडाभरात लक्षात येणाऱ्या चुकांवरच चालतो. ज्या चोरीत चोर दोन महिने घरात राहतो, तिथे त्याचा उपयोग नाही.

मग वाचलो कशाने? दोन साध्या गोष्टींनी. प्रत्येक बुकिंगचा एक ईमेल दादाला जायचा, आणि काउंटरवरचा मुलगा रोजच्या रोज वहीत नोंद करायचा. दोन रात्री बसून आम्ही ईमेल आणि वही जुळवून ६३ बुकिंगची यादी केली. दादाने एकेकाला फोन लावून खात्री केली. तरी दोन कुटुंबं सुटलीच. ती दारात आली तेव्हा दादाने शेजारच्या लॉजमध्ये त्यांची सोय लावली आणि जास्तीचे पैसे स्वतः भरले. साइट मात्र मी साफ करत बसलो नाही. नवं वर्डप्रेस, मूळ ठिकाणाहून उतरवलेली नवी प्लगइन, सगळे पासवर्ड नवे, ओळखीचे नसलेले अ‍ॅडमिन बाहेर, आणि फोटो दादाच्या फोनमधून पुन्हा. ज्या घरात चोर राहून गेला त्या घराची नुसती कुलपं बदलून भागत नाही.

सगळं मार्गी लागल्यावर मी अपडेटचा विषय काढला, तर दादाने विचारलं, "चालू हाय ना सगळं? मग हात कामून लावायचा?"

प्रश्न वाटतो तितका येडपट नाही. आपण ऑफिसात शुक्रवारी संध्याकाळी रिलीज करायचं म्हटलं की हेच तर म्हणतो! पण त्याचं उत्तर आहे. दुरुस्ती जाहीर झाली की भोक कुठे आहे तेही जाहीर होतं. वर्डप्रेसची ४.७.२ ही आवृत्ती २६ जानेवारी २०१७ ला आली. तिच्यात एक मोठं छिद्र बुजवलेलं होतं, पण लोकांना अपडेट करायला थोडा वेळ मिळावा म्हणून त्याचा तपशील १ फेब्रुवारीपर्यंत मुद्दाम सांगितला नव्हता. सांगितल्यावर काही दिवसांत जगभरातली लाखो पानं विद्रूप झाली. ज्यांच्याकडे आपोआप अपडेट चालू होतं त्यांना पत्ताही लागला नाही. तुमचं लॉज नांदेडात आहे की न्यूयॉर्कात, याच्याशी हल्ला करणाऱ्या प्रोग्रॅमला काही कर्तव्य नसतं. तो दारं ढकलत जातो, उघडं सापडलं की आत.

मग आलं अपडेट की दाबलं बटण, असं करायचं का? तर तसंही नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्याच एका सदोष अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळी पडली. त्या दिवशी आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. (दादाला ही गोष्ट फार आवडली. "बघ, शेवटी वहीच!")

आता आमची पद्धत अशी आहे. वर्डप्रेसचे छोटे सुरक्षा अपडेट आपोआप होतात, ही सोय २०१३ च्या ३.७ आवृत्तीपासूनच आहे, ती बंद करायची नाही. बाकी प्लगइन आणि थीमसाठी महिन्यातून एक सकाळ, मंगळवार किंवा बुधवार. शनिवारी रात्री नाही, होला मोहल्ला किंवा दिवाळीच्या आधी तर नाहीच. पहिल्यांदा बॅकअप. मग साइटची एक वेगळी प्रत असते तिच्यावर अपडेट, एकावेळी एकच, म्हणजे काही बिघडलं तर कुणामुळे ते कळतं. मग खोटं बुकिंग करून बघायचं. फॉर्म, ईमेल, पैसे, पावती, सगळा प्रवास. नुसतं पहिलं पान उघडलं म्हणजे साइट चालू, असं नसतं. हे सगळं पार पडलं की खऱ्या साइटवर. अपवाद एकच. सुरक्षेची गंभीर दुरुस्ती असेल तर महिना, मंगळवार काही बघायचं नाही, बॅकअप घेऊन त्याच दिवशी करायचं. आणि जे प्लगइन वापरात नाही ते नुसतं बंद न ठेवता काढूनच टाकायचं. दादाच्या साइटवर २७ होती. आता ९ आहेत. कुणालाच काही फरक कळला नाही!

आता बॅकअप. प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी, हा नियम पीटर क्रोग नावाच्या फोटोग्राफरमुळे प्रसिद्ध झाला. 'दुसऱ्या जागी' हे शब्द लोक हलक्यात घेतात. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर जळून खाक झालं, तेव्हा काही गिऱ्हाइकांची साइट आणि तिचा बॅकअप एकाच आवारात होता. दोन्ही गेले.

लातूरच्या माणसाला मात्र हे समजवावं लागत नाही. मामाला मी म्हटलं, "मामा, एक प्रत दुकानात नको, दुसऱ्या गावी हवी." मामा थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "किल्लारीत लोकांचं सगळं घरातच होतं." ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३.५६. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं. दगडमातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसं गेली, तिथे कागदपत्रांचं कोण बोलणार? पण जे मागे राहिले त्यांना पुढे कित्येक दिवस आपण कोण, आपलं काय होतं, हे कागदाशिवाय सांगावं लागलं. मामाने ते जवळून पाहिलंय.

मग आम्ही एक साधी देवाणघेवाण केली. नांदेडची डिस्क लातूरला आणि लातूरची नांदेडला. लोहा, अहमदपूर, चाकूर असा दीडशे किलोमीटरच्या आतबाहेरचा रस्ता, महिन्यातून एकदा घरचं कुणी ना कुणी जातंच, पिशवीत डिस्क टाकायची. गोदावरीला पूर आला तर लातूरची प्रत शाबूत, लातूर हललं तर नांदेडची. शिवाय रोजची प्रत होस्टिंगवाल्यांपेक्षा वेगळ्या कंपनीच्या क्लाउडवर. ठेवायचं किती? रोजच्या ७, आठवड्याच्या ४, महिन्याच्या १२. म्हणजे दोन महिने लपून बसलेला चोरही कुठल्या तरी प्रतीच्या आधीचा निघत नाही. डिस्कला पासवर्ड, कारण लॉजच्या साइटवर पाहुण्यांच्या आधार कार्डांचे फोटो सापडले होते. ते आता मुक्काम संपला की काढून टाकतो. जे जवळ नाही ते चोरीला जात नाही.

एवढं करून मी निवांत झालो असतो. पण मामा बियाणं विकणारा माणूस. त्याने विचारलं, "उगवण चाचणी केलीस का?"

ज्यांचा शेतीशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. सोयाबीनचं बी घरचं राखून पुढच्या वर्षी पेरता येतं. पण पेरायच्या आधी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि आठवडाभराने मोड आलेले मोजायचे. सत्तर किंवा जास्त निघाले तर बी पेरण्याजोगं. दिसायला दाणा कितीही टपोरा असो, मोजल्याशिवाय खरं नाही. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा इतका पूर आला की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. त्या जून महिन्यात मामाच्या दुकानासमोर माणसं रिकामं शेत मोबाइलवर दाखवत उभी असायची. तेव्हापासून तो गोणी हातात देताना प्रत्येकाला आधी शंभर दाणे मोजायला सांगतो.

तर आम्ही त्याच्या साइटची प्रत एका कोऱ्या यंत्रावर उतरवून बघितली. बॅकअपचं प्लगइन रोज रात्री 'यशस्वी' असा ईमेल पाठवत होतं. फोटो सगळे आले, पानं आली, पण डेटाबेसची फाइल मध्येच तुटलेली! सर्व्हरवरची जागा संपली होती आणि चौकशा ज्या टेबलात होत्या तिथवर ती पोचलीच नव्हती. मामाने चष्मा वर केला. "म्हणजे उगवण शून्य टक्के की, भाचेबुवा."

याबाबतीत मोठमोठे लोकही सुटलेले नाहीत. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब कंपनीत एका इंजिनिअरकडून चुकून खरा डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या पाच वेगवेगळ्या तऱ्हा होत्या, ऐनवेळी एकही धड कामाला आली नाही. योगायोगाने सहा तासांपूर्वी काढून ठेवलेली एक प्रत सापडली म्हणून निभावलं. आता आम्ही दर तीन महिन्यांनी प्रत उतरवून बघतो आणि नोंदी मोजतो. साइटवर जितक्या चौकशा तितक्याच प्रतीत आहेत का? किती वेळ लागला? हा आकडा वहीत लिहितो. गेल्या वेळी दीड तास लागला.

शेवटची गोष्ट, जी आपण कम्प्युटरवाले हमखास विसरतो. प्रत असून भागत नाही, ती वाचणारा माणूस लागतो. २०२३ मध्ये शिंदे समितीने मराठवाड्यातल्या निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा कागद होते, पण ते मोडीत आणि उर्दूत. वाचणारे शोधावे लागले. म्हणून दोन्हीकडे एकेक छापील पान ठेवलंय, साध्या मराठीत. डोमेन कुणाच्या नावावर आहे, कधी संपतं, प्रती कुठे आहेत, उतरवायच्या कशा, कुणाला फोन करायचा. उद्या मी अमेरिकेला गेलो किंवा ट्रकखाली आलो, तरी माझ्याविना चालेल असं. दादाने ते पान काउंटरच्या काचेखाली लावलं होतं, पासवर्ड नसला तरी तिथून काढायला लावलं.

या सगळ्याला महिन्याला माझे तीन तास जातात, आणि डिस्क व क्लाउडचा खर्च लॉजच्या एका खोलीच्या एका रात्रीच्या भाड्याइतका.

तेव्हा या रविवारी घरी फोन कराल तेव्हा जेवलात का, पाऊस कसाय हे झाल्यावर एवढं विचारा: साइटची प्रत कुठाय? ती शेवटची कधी उतरवून बघितली? आणि बघणाऱ्याने मोजली का? पलीकडे शांतता पसरली तर पुढच्या शनिवारची एसटी पकडा. सोबत एक रिकामी डिस्क न्या.