डबल बी

आमच्या विहारासमोरच्या मोकळ्या जागेत जयंतीच्या लेझीम पथकाचा सराव चालतो. यंदा रांगा लावताना मुलांनी माझ्या भाच्याला मागच्या रांगेत अगदी टोकाला उभे केले. वय पंधरा, वजन एकशे आठ किलो. "हा पुढे राहिला तर मागचं कुणी दिसणारच नाही," असे कुणीतरी म्हणाले आणि सगळे हसले. मीही हसलो. एवढ्यावर थांबलो असतो तरी बरे होते. "भोपळ्या, जा बाबा मागे," असे मीच ओरडून सांगितले.

हे नाव त्याला मीच ठेवले आहे. तो चार वर्षांचा गुटगुटीत पोर होता तेव्हा लाडाने ठेवले. घरात रुजले, घरातून गल्लीत गेले, गल्लीतून शाळेत. लाड कधी संपला आणि चिडवणे कधी सुरू झाले, हे माझ्या लक्षात आले नाही. त्याच्या मात्र आले असणार.

दुसऱ्या दिवसापासून तो सरावाला आला नाही. आठवड्याने अभ्यासिकेतही दिसेना. ताईने सांगितले की शाळेत तो डबा उघडतच नाही, चार मुलांसमोर खायची लाज वाटते म्हणतो. घरी आल्यावर एकटा बसून दुप्पट खातो. ताई मला काही बोलली नाही. फक्त म्हणाली, "तुझं ऐकतो तो. बघ जरा."

मी लोकांना स्वाभिमानावर व्याख्याने देणारा माणूस. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हा मला बटरबीन आठवला. मी बी.कॉम.ला असताना शेजाऱ्यांकडे केबल आली होती आणि अमेरिकेतल्या मुष्टियुद्धाच्या मोठ्या लढती आम्ही दाटीवाटीने बसून पाहायचो. मुख्य लढतीच्या आधी कधी कधी एक प्रचंड माणूस रिंगणात यायचा. डोके तुळतुळीत, पोट चड्डीच्या पट्ट्यावरून ओघळलेले, चड्डी अमेरिकेच्या झेंड्याच्या रंगांची. बघणारे आधी हसायचे. मग त्याचा उजवा हात समोरच्याला लागला की हसणे थांबायचे. त्याचे खरे नाव एरिक एश.

आता मोबाइलवर सगळे सापडते. मी त्याची हकीकत वाचत गेलो तसतसा माझा भाचा डोळ्यांसमोर येऊ लागला. एशचा जन्म १९६६ चा. अलाबामा राज्यातल्या जॅस्पर नावाच्या लहानशा गावचा. फिरती घरे बनवणाऱ्या कारखान्यात कामगार होता. "टफमॅन" नावाच्या हौशी लोकांच्या गुद्दागुद्दीच्या स्पर्धेत उतरण्याची पैज बरोबरच्या कामगारांनी त्याला घातली. स्पर्धेला वजनाची मर्यादा होती ४०० पौंड, म्हणजे सुमारे १८१ किलो. आणि हा गडी त्याहून जड! वजन उतरवण्यासाठी त्याने कोंबडी आणि बटर बीन एवढ्यावर दिवस काढले. बटर बीन म्हणजे आपल्याकडे वाण्याच्या दुकानात "डबल बी" म्हणून मिळते ते मोठे पांढरे कडधान्य. सोबत्यांनी चिडवायला तेच नाव ठेवले. म्हणजे माझ्या भाच्याचा भोपळा, तसा त्याचा डबल बी.

पण त्याने ते नाव टाकले नाही. स्पर्धा जिंकल्या, १९९४ मध्ये व्यावसायिक मुष्टियोद्धा झाला आणि त्याच नावाने जाहिरातीत झळकू लागला. बहुतेक लढती चार फेऱ्यांच्या. एरवी चार फेऱ्या नवशिक्यांना देतात, नामांकित मुष्टियोद्धे दहा-बारा फेऱ्या लढतात. एवढे वजन घेऊन बारा फेऱ्या पायांवर उभे राहणे कठीण, म्हणून त्याने नवशिक्यांच्या त्या चार फेऱ्यांनाच आपले राज्य केले. लोक त्याला "चार फेऱ्यांचा राजा" म्हणत. २००२ मध्ये माजी जगज्जेता लॅरी होम्स याच्याशी मात्र दहा फेऱ्या लढला. होम्स तेव्हा बावन्न वर्षांचा होता, तरी गुणांवर तोच जिंकला. एशच्या नावावर मुष्टियुद्धातले ७७ विजय आहेत आणि त्यांतल्या ५८ वेळा प्रतिस्पर्ध्याला उठता आलेले नाही. समोर पुष्कळदा सामान्य दर्जाचे लोक उभे केले जात हेही खरे, पण आकडा आकडाच आहे.

इथे मला त्या नावापाशी थांबावे लागले. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत कचरू, धोंडू, दगडू अशी नावे घरोघर होती. काही आईबापांनीच, मूल जगावे, नजर लागू नये म्हणून ठेवलेली. पण गावाने त्यांची कचऱ्या, धोंड्या, दगड्या अशी हाक केली आणि साठीच्या म्हाताऱ्यालाही दहा वर्षांचे पोर तीच हाक मारी. १९५६ नंतर आपण ती नावे टाकली. सिद्धार्थ, राहुल, गौतम, सुजाता अशी नावे आली. शिक्षकांनी हजेरीत ती पूर्ण उच्चारावीत म्हणून आपल्या माणसांनी भांडणेही केली. मग एका माणसाने चिडवण्याचे नाव छातीवर मिरवले याचे मी कौतुक करावे का? मला वाटते, त्याचे नाव रिंगणाबाहेर पडल्यावर त्याला उतरवून ठेवता येत होते. घरी तो एरिक होता. आपल्या माणसांना ते नाव उतरवता येत नव्हते. भाच्यालाही येत नाही, कारण घरात त्याला त्या नावाने हाक मारणारा मी आहे.

एका रविवारी मी त्याला बोलावले आणि काही न सांगता मोबाइल पुढे केला. लढत ३१ डिसेंबर २००३ ची, जपानमधल्या नागोया शहरातली. वर्षाच्या शेवटच्या रात्री जपानमध्ये अशा लढतींचे मोठे कार्यक्रम होत आणि लाखो घरांत ते टीव्हीवर पाहिले जात. एश तेव्हा सदतीस वर्षांचा. मुष्टियुद्धातले नाव गाठीशी घेऊन तो मिश्र मार्शल आर्ट्समध्ये उतरला होता. या खेळात ठोसा चालतो, लाथ चालते, पाडणे चालते आणि पाडल्यावर सांधा पिरगाळणेही चालते. आपल्या कुस्तीत पाठ टेकली की निकाल. इथे पाठ टेकल्यावर निम्मी लढाई सुरू होते. समोरचा हाताने जमिनीवर थोपटून "हरलो" म्हणेपर्यंत ती चालते.

समोर होता गेन्की सुडो. वजनाने एशच्या निम्माही नाही. तो ठोशाच्या टप्प्यात उभा राहतच नव्हता. नाचत, गिरक्या घेत, कधी पाठ दाखवत तो फिरत राहिला. दुसऱ्या फेरीत त्याने एशचा पाय धरला, खाली पाडले आणि टाच पिरगाळली. फेरीची एक्केचाळीस सेकंदे झाली होती. एवढा मोठा माणूस जमिनीवर थोपटत होता.

मला वाटले होते, भाचा म्हणेल, "मामा, केवढा धीट माणूस!" तो म्हणाला, "मला तो बारका आवडला."

मी गप्प. मग थोड्या वेळाने त्याने विचारले, "मामा, तो हरणार हे सगळ्यांना माहीत होतं ना? मग बोलावलं कशाला त्याला?"

खरे उत्तर देणे भाग होते. बघायला बोलावले होते. हत्तीला मांजर कसे लोळवते हे बघायला तिकिटे खपतात. त्या काळात जपानमध्ये अशा विजोड जोड्या मुद्दाम लावल्या जात, आणि एशची सारी कमाई त्याच्या आकारावर उभी होती हे त्यालाही ठाऊक होते.

"म्हणजे मला पहिल्या रांगेत उभं केलं असतं तरी बघायलाच केलं असतं," भाचा म्हणाला. पंधरा वर्षांचे पोर असे काही बोलेल याची माझी तयारी नव्हती.

सुडोबद्दल एक सांगायला हवे, कारण आपल्या वाचकांना ते आवडेल. लढत संपली की तो "आपण सारे एक आहोत" असे लिहिलेला झेंडा फडकवी. शिकोकू बेटावरच्या ८८ बौद्ध मंदिरांची यात्रा त्याने केली आणि तिच्यावर पुस्तकही लिहिले. तिथला कर्मकांडाचा भाग आपल्याला रुचणार नाही, ते असो. २०१९ मध्ये तो जपानच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहात निवडून आला. भाच्याची निवड अगदीच वाईट नव्हती.

पण मला त्याला एशची पुढची गोष्ट दाखवायची होती. त्या रात्रीनंतर तो परत गेला असता तर कुणी नाव ठेवले नसते. जेम्स टोनी हा कितीतरी कसबी मुष्टियोद्धा, अनेक वजनगटांत जगज्जेता झालेला. तो मोठमोठी वाक्ये बोलून २०१० च्या ऑगस्टमध्ये बोस्टनला याच खेळात उतरला. रँडी कूटूरने सुरुवातीलाच पाय ओढून पाडले आणि पहिल्याच फेरीत गळा आवळून संपवले. टोनी पुन्हा त्या वाटेला फिरकला नाही. एश मात्र लढत राहिला. २००६ मध्ये इकुहिसा मिनोवाने त्याचा हात कोपरात उलटा ताणला, पुन्हा थोपटावे लागले. २००७ च्या फेब्रुवारीत लंडनमध्ये जेम्स थॉम्प्सनला त्याने ४३ सेकंदांत ठोशाने आडवा केला. तो जुनाच हात होता, त्यात नवल नाही.

नवल आहे ते ८ एप्रिल २००७ चे. जपानमधले सायतामा शहर, "प्राइड" संस्थेचा शेवटचा ठरलेला कार्यक्रम. समोर ब्राझीलचा झुलुझिन्यो, साडेसहा फूट उंच आणि वजनाने याच्या तोडीचा. दोघे जमिनीवर गेले. लोक ठोशांची वाट पाहत होते. एशने झुलुझिन्योचा हात कोपरात दुमडून मनगट जमिनीला दाबले आणि खांदा पिरगाळत नेला. अडीच मिनिटे उलटून गेली होती. झुलुझिन्योने थोपटले.

हे मी भाच्याला दोनदा दाखवले. पहिल्या लढतीत त्याला ज्या जातीच्या डावाने हरवले, तो डाव चाळिशीला टेकलेला, सगळे ज्याच्या पोटाकडे बघायला आलेले तो माणूस शिकून आला होता. भाचा मोबाइल जवळ घेऊन हात कुठे धरला आहे ते बघत बसला. त्याने माझा हातही धरून पाहिला. माझा खांदा दोन दिवस दुखत होता.

ताईला भीती वाटली की आता हा लठ्ठपणाच मिरवेल. ती भीती खोटी नव्हती, म्हणून मी त्याला उरलेलेही सांगितले. २०१० मध्ये पोलंडमध्ये मारिउश पुजानोव्स्की या पाच वेळा जगातला सर्वांत बलवान ठरलेल्या माणसाने एशला सव्वा मिनिटात संपवले. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियात खांदा दुखावून तो निवृत्त झाला. पुढे वजन पाचशे पौंडांवर गेले, कंबरेच्या सांध्यांनी दगा दिला, चालणे मुश्कील झाले. अलीकडच्या वर्षांत योगासनांवर आधारलेला व्यायाम आणि पथ्य करून त्याने दोनशेहून जास्त पौंड उतरवले. भाच्याची रक्ततपासणी आम्ही केली आहे. साखर अजून काठावर आहे.

जूनमध्ये त्याने स्वतःहून ज्युदोच्या वर्गाची चौकशी केली. मैदानापलीकडच्या हॉलमध्ये आठवड्यातून तीन दिवस भरतो. जिथे पडायला आधी शिकवतात. अर्ज भरायला मी बसलो, आयुष्यभर अर्जच भरत आलो आहे. नावाच्या रकान्यात पूर्ण नाव लिहिले आणि त्याच्याकडे पाहिले. म्हणाला, "मामा, सर मला कोणत्या नावाने हाक मारतील?" मी म्हटले, "जे इथे लिहिलं आहे त्याने." तो म्हणाला, "मग आधी तुम्ही सुरू करा."

ही अडीच महिन्यांपूर्वीची गोष्ट. परवा तो घामाने निथळत वर्गातून आला, आणि सवयीने माझ्या तोंडून "भो—" एवढे निघालेच. त्याने मान वर करून पाहिले. मी उरलेले गिळले आणि त्याला पाणी दिले.