ज्यांचं घर, त्यांना विचारलं का?



दिव्यांगांसाठी निवासी घर किंवा वसतिगृह बांधायचं ठरलं की आधी जागा, निधी, देणगीदारांच्या नावाची पाटी यावर बैठका होतात. तिथं राहणाऱ्याला बैठकीला कोण बोलावतंय?

म्हणून मला कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं, म्हणजे नसीमादीदींचं काम वेगळं वाटतं. ऐन उमेदीच्या वयात कमरेखालचं शरीर लुळं पडलं आणि त्या चाकाच्या खुर्चीवर आल्या. १९८४ मध्ये सहकाऱ्यांसोबत त्यांनी 'हेल्पर्स ऑफ द हॅंडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. पुढं उचगावला 'घरौंदा' हे वसतिगृह झालं. ठरवणारी बाईच खुर्चीवर असली की उंबरठा कुठं अडवतो, नळ किती उंचीवर हवा, हे बाहेरच्याला विचारावं लागत नाही. उताराचंच बघा. १ फूट चढायला किमान १२ फूट लांब उतार हवा. आपल्याकडचे कितीतरी रॅम्प म्हणजे निव्वळ घसरगुंडी!

आपल्या उमरगा-लोहारा भागात १९९३ च्या भूकंपानंतर गावंच्या गावं नव्यानं वसली. घरं पक्की झाली, पण जनावरं बांधायची कुठं, जुना शेजार कुठं गेला, हे म्हातारी माणसं अजून बोलतात.

माझ्या वर्गातली एक मुलगी कुबड्या घेऊन येते. चौथीनंतर तिला निवासी शाळेत ठेवायचा घरी विचार चाललाय. आई जेवणाचं विचारत होती. मुलगी म्हणाली, "बाई, रातच्याला संडासला मला एकटीला जाता येईल का?"

शाळा बघायला जाताना तिलाच सोबत न्या, असं मी आईला सांगितलंय.