नाव राजाचे, चेहरा कोणाचा?

म्हैसूरला जाणारा मराठी प्रवासी बहुधा तीन गोष्टी पाहून परततो : दिव्यांनी उजळलेला राजवाडा, चामुंडी टेकडीवरील नंदी आणि वृंदावन उद्यानातील कारंजी. सवड उरलीच तर चंदनाच्या वस्तू आणि रेशमी साड्या यांची खरेदी होते. त्यात वावगे काहीच नाही. तथापि आपण मुलाबाळांसह जाणार असाल, तर एक दिवस चेहरे पाहण्यासाठी राखून ठेवावा, असे सुचवावेसे वाटते. इतिहासाच्या पुस्तकात हैदर आणि टिपू यांची चित्रे मुलांनी पाहिलेली असतात. ते चेहरे आले कोठून, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. आणि त्याचे उत्तर शोधण्यास म्हैसूरसारखे दुसरे ठिकाण नाही.

त्या काळी छायाचित्रण नव्हते. मोहिमेबरोबर आलेला एखादा चित्रकार किंवा हौशी अधिकारी कागदावर टिपण काढी आणि ते जहाजाने युरोपात जाई. तेथील कारागीर तांब्याच्या पत्र्यावर पोलादी लेखणीने ते उलटे कोरून काढी. कोरलेल्या रेषांत शाई भरायची, वरचा पृष्ठभाग पुसून स्वच्छ करायचा आणि ओलसर कागद त्यावर दाबायचा, की चित्र सुलटे उमटे. तांबे मऊ, म्हणून लवकर झिजे; एकोणिसाव्या शतकात पोलादी पत्रे आले आणि एकाच पत्र्यापासून हजारो प्रती निघू लागल्या. कोरणाऱ्याने मूळ माणूस बहुधा कधी पाहिलेलाच नसे. टिपणात पागोटे अर्धवट राहिले असेल तर ते त्याने कल्पनेने पुरे करायचे. टिपणच नसेल तर पौर्वात्य राजाची ठरलेली सामग्री त्याच्यापाशी तयार असे : भरघोस दाढी, तुरा, वाकडी तलवार. खाली नाव कोरले, की झाला राजा!

हैदर अलीचेच पाहा. एका फ्रेंच चित्रात तो चांगला दाढीवाला असून खाली त्याला चक्क मराठ्यांचा सरसेनापती म्हटले आहे. थोरल्या माधवरावांनी ज्याच्यावर मोहिमांमागून मोहिमा काढल्या, त्याला पॅरिसने मराठ्यांच्या सैन्याचे आधिपत्य बहाल करावे, हे वाचून पुण्यातील जुन्या मंडळींची चांगलीच करमणूक झाली असती. आणि दाढीचे म्हणाल तर किरमाणी या फारशी इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की हैदर दाढीमिशाच काय, भुवयासुद्धा काढवून टाकीत असे.

आता म्हैसूरहून सुमारे पंधरा किलोमीटरवर असलेल्या श्रीरंगपट्टणास चला. तेथे कावेरीच्या बेटावर टिपूने १७८४ साली बांधलेला दर्या दौलत हा सागवानी महाल आहे. त्याच्या पश्चिमेकडील भिंतीवर हैदर आणि टिपू यांच्या स्वाऱ्या रंगविल्या आहेत. हैदर तेथे गुळगुळीत चेहऱ्याचा आहे. टिपूला बारीक मिशी असून तो हातातील गुलाब हुंगत चालला आहे. पलीकडे १७८० सालची पोल्लिलूरची लढाई, आणि तीत पालखीत बसलेला जखमी कर्नल बेली. धन्याला रोज डोळ्यांनी पाहणाऱ्यांच्या देखत रंगविलेली ही भिंत आणि हजारो कोस दूर कोरलेला तो पत्रा, यांपैकी विश्वास कशावर ठेवावा हे निराळे सांगावयास नको. मात्र भिंतीलाही डोळे झाकून शरण जाऊ नये. श्रीरंगपट्टण पडल्यावर याच महालात राहणाऱ्या आर्थर वेलस्लीने ही चित्रे दुरुस्त करविली आणि पुढे १८५५ च्या सुमारास लॉर्ड डलहौसीच्या हुकुमाने ती पुन्हा रंगविण्यात आली. आज दिसतो तो चेहरा मूळचा किती आणि डागडुजीचा किती, हे कुंचल्यांनाच ठाऊक.

पूर्वेकडील भिंतीपाशी मराठी प्रवाशाने जरा अधिक रेंगाळावे. तेथे पाच ओळींत निरनिराळ्या राजांचे व पाळेगारांचे दरबार चितारले आहेत. त्यांत चित्रदुर्गचा मदकरी नायक आहे, मागडीचा केंपेगौडा आहे, काशीचा आणि तंजावरचा राजा आहे, आणि बाळाजी पेशवेही आहेत. ज्यांच्याशी हाडवैर, त्यांनाही आपल्या विश्रामधामाच्या भिंतीवर मानाने बसविण्याची ही रीत मनात भरते.

टिपू ४ मे १७९९ रोजी मारला गेला आणि चित्रांचा पूर आला तो त्यानंतर. रॉबर्ट केर पोर्टर या तरुण चित्रकाराने १८०० साली श्रीरंगपट्टणच्या हल्ल्याचे सुमारे १२० फूट लांबीचे चित्र लंडनमध्ये मांडले. त्याने हिंदुस्थान पाहिलेला नव्हता! ते चित्र पुढे आगीत नष्ट झाले. पण वेंद्रामिनी याने त्यावरून कोरलेले ठसे घरोघर पोहोचले होते. चुका आजही थांबलेल्या नाहीत. झांझिबारच्या टिपू टिप नावाच्या गुलामांच्या व्यापाऱ्याचे छायाचित्र टिपू सुलतानाचे म्हणून अद्याप फिरत असते. छायाचित्रणाची कला जगापुढे आली १८३९ साली, टिपूच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी, एवढे साधे गणित मुलांनाही करता येईल.

आता म्हैसूर शहरात परत या. जगनमोहन राजवाडा १८६१ साली तिसऱ्या कृष्णराज वडेयरांनी बांधविला. येथे येणारी गर्दी बहुतेक हातात दिवा धरलेल्या स्त्रीच्या चित्रापुढे थांबते. ते चित्र सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचे, तेव्हा आपणही थांबालच. परंतु रंगमहालातील भित्तिचित्रे चुकवू नका. तेथे संतानांबुज नावाचे एक कमळ आहे. राजाचा वंशविस्तार त्याच्या पाकळ्यापाकळ्यांतून मांडलेला आहे. नुसती शोभा म्हणून ते पाहिले तर त्याचे मर्म हाती लागणार नाही. या राजाला १७९९ साली पाचव्या वर्षी इंग्रजांनी गादीवर बसविले आणि १८३१ साली त्याच्या हातून कारभार काढून घेतला. त्याला औरस वारस नव्हता. डलहौसीने १८४८ साली सातारा आणि १८५४ साली नागपूर दत्तक नामंजूर करून गिळले, हे त्याच्या डोळ्यांदेखत घडले होते. राज्य हातात नसलेल्या, पुढे कोण याची शाश्वती नसलेल्या माणसाने आपल्या कुळाचे चेहरे भिंतीवर लिहून ठेवले, ते या भयाच्या सावलीत. १८६५ साली त्याने दत्तक घेतला, दोन वर्षांनी तो मान्य झाला आणि १८६८ साली राजा निवर्तला. हा राजा आपला चेहरा दुसऱ्याच्या लेखणीवर सोडून द्यावयास तयार नव्हता.

राजांना निदान नाव तरी होते. रयतेची गोष्ट निराळी. टिपूच्या पाडावानंतर कर्नल मॅकेंझी याने म्हैसूरची मोजणी केली. तिच्याबरोबर लोकांच्या पेहरावांचीही चित्रे काढविली. फ्रान्सिस बुकानन १८०० साली या प्रदेशातून हिंडला. त्याच्या १८०७ सालच्या तीन खंडांत येथील नांगर आणि तेलाचे घाणे यांची कोरीव चित्रे आहेत. पुढे १८६८ ते १८७५ या काळात हिंदुस्थानातील लोकांच्या छायाचित्रांचा आठ खंडांचा ग्रंथ लंडनहून निघाला. त्यात म्हैसूरकडील माणसेही आहेत. चेहरे खरे, डोळे खरे. पण खाली बहुधा माणसाचे नाव नाही, जातीचे आहे, आणि त्या जातीच्या स्वभावाविषयी दोन-चार ओळींचा निकाल! राजाला नाव मिळाले आणि चेहरा परका. रयतेला चेहरा मिळाला आणि नाव गेले. १८६९ साली लंडनमध्ये सर सय्यद अहमद खान यांच्या मुलाने हा ग्रंथ चाळत असता एका इंग्रज तरुणाने त्याला विचारले, तुम्ही हिंदुस्थानीच का? तो लाजेने लाल झाला, असे वडिलांनी पत्रात लिहिले आहे.

म्हैसूरनेही पुढे आपल्या लोकांची पाहणी स्वतः हाती घेतली. एच. व्ही. नंजुंडय्या यांनी तिचा पाया घातला. हेच गृहस्थ १९१६ साली म्हैसूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. त्यांच्या पश्चात एल. के. अनंतकृष्ण अय्यर यांनी ते काम पुरे केले आणि १९२८ ते १९३५ या काळात विद्यापीठाने त्याचे चार खंड प्रसिद्ध केले. जातवारीची जुनी चौकट त्यांतही सुटलेली नाही. परंतु लिहिणारे याच देशातले होते.

त्याच विद्यापीठाच्या मानसगंगोत्री परिसरात जयलक्ष्मी विलास हा जुना वाडा आहे. १९६८ साली तेथे लोकजीवनाचे संग्रहालय उभे राहिले. गावोगावहून आणलेली चामड्याची बाहुली, यक्षगानाचे वेष, घरातील भांडीकुंडी आणि शेतीची अवजारे असा त्याचा संग्रह आहे. बुकाननच्या पुस्तकातील नांगराचे चित्र आपण आधी कोठे पाहून ठेवले असेल, तर तेथील अवजारांपाशी मुलांना जरूर न्या. कोरणाऱ्याने काय बरोबर टिपले आणि काय त्याच्या हातून निसटले, ते त्यांनाच ठरवू द्या.