उलटी बाजू

पुण्याच्या कॅम्प भागातील 'फॅशन स्ट्रीट'विषयी माझे मत कधीच फारसे अनुकूल नव्हते. महात्मा गांधी मार्गालगतची ती अरुंद बोळांची बाजारपेठ, डोक्यावर लोंबणाऱ्या जीन्स, गुडघ्यांवर मुद्दाम फाडलेल्या विजारी आणि त्यांच्यासाठी झुंबड करणारी तरुण मुले पाहिली, की आईने रफू करून दिलेली माझी शाळेतली चड्डी मला आठवे. जे फाटकेपण आम्ही लपवीत होतो ते आज मिरवले जाते, याचे मनाला वैषम्य वाटे.

म्हणूनच गेल्या नाताळापूर्वी भाचीने "मामा, मला फॅशन स्ट्रीट दाखवाल का?" असे विचारले, तेव्हा मी काहीशा अनिच्छेनेच होकार दिला. भाची इंदापूर तालुक्यातली. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतील टेक्स्टाईल पार्कमध्ये ती शिलाईकाम करते. आसपासच्या खेड्यांतील शेकडो स्त्रिया तिथे मशीनवर बसतात. एकीने कॉलर लावायची, दुसरीने काजे करायची. अख्खा सदरा कुणा एकीचा नसतो. भाचीच्या वाट्याला बाही जोडण्याचे काम आले आहे.

पहाटेच्या एस. टी.ने मोरगाव, जेजुरी, सासवड करीत, दिवे घाट उतरून आम्ही स्वारगेटला पोहोचलो. कॅम्पातल्या सेंट झेवियर चर्चमध्ये क्षणभर गुडघे टेकले आणि बाजारात शिरलो.

पोर रंगांना भुलेल, असा माझा अंदाज होता. तिने एक कुर्ता हाती घेतला आणि प्रथम तो उलटा केला. काखेतली शिवण दोन बोटांनी ताणून पाहिली, ओव्हरलॉकचा दोरा निरखला. "ही बाही घाईत जोडलीय, मामा. पाळी संपत आली असेल," ती म्हणाली. दुसऱ्या कुर्त्यावरून मात्र तिचे बोट हळुवार फिरले. "हिचा हात चांगला आहे."

दुकानदाराने साडेचारशे रुपये सांगितले. तिथल्या रिवाजाप्रमाणे मी दोनशेवर अडून बसलो. तेव्हा ती हलक्या आवाजात म्हणाली, "मामा, एवढं ओढू नका. कापड, दोरा, बटणं धरली तर शिवणारीला काय उरंल?" मी ओशाळलो. अखेर साडेतीनशेला सौदा झाला. पैसे मोजता मोजता दुकानदार आगीविषयी बोलला. २६ मार्च २०२१ च्या रात्री या बाजारातील शेकडो दुकाने भस्मसात झाली होती. त्याचाही सारा माल त्यात गेला. राखेवर त्याने पुन्हा दुकान मांडले होते. ज्या बाजाराला मी उथळ म्हणत आलो, तिथे कितीतरी घरांच्या चुली अवलंबून होत्या.

परतीच्या गाडीत भाचीला झोप लागली. मला प्रेषितांच्या कृत्यांतील यापोची तबीथा आठवली. ती वारली तेव्हा रडणाऱ्या विधवांनी पेत्रापुढे तिच्या हातचे अंगरखे मांडले होते. तिच्या पुण्याईची साक्ष त्या वस्त्रांनी दिली. हे वाचन मी मिस्सेत कितीदा तरी ऐकले होते. पण कपडा उलटा करून त्यामागचा हात पाहावा, हे मला कधी सुचले नव्हते.

नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला भाची नव्या कुर्त्यात आली. मी जुनाच सदरा घातला होता. घालण्यापूर्वी मात्र तो उलटा करून पाहिला. काखेतली शिवण शाबूत होती. ती कुणी घातली हे मला ठाऊक नाही. त्या रात्री गव्हाणीपुढे तिच्यासाठी एक प्रार्थना केली.