पाहुण्याची मराठी

कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९७४ साली सुरू झाला आणि त्याच्या पाठोपाठ नाना प्रांतांतील माणसे या परिसरात वस्तीला आली. शेजारचे नागपूर तर १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होते. हिंदी आणि मराठी तेथे पूर्वीपासूनच एकत्र नांदत आल्या. अशा ठिकाणचा दुकानदार गिऱ्हाइकाचा पहिला शब्द ऐकताच आपली भाषा बदलतो. येणाऱ्याला त्याच्या भाषेत उत्तर देणे हा व्यापारी घरांचा शिष्टाचार आहे आणि व्यवहारातील शहाणपणही आहे.

परंतु एका प्रकारच्या पाहुण्याला हाच शिष्टाचार आड येतो. रोटरीच्या युवक विनिमय योजनेसारख्या योजनांतून पंधरा ते एकोणीस वर्षांचे विद्यार्थी शैक्षणिक वर्षभर परदेशी कुटुंबांत राहतात आणि तेथील शाळेत जातात. हेतू हा की, भाषा आणि रीतिरिवाज घरात राहून उमगावेत. मात्र ज्याची मातृभाषाच इंग्रजी आहे, त्या विद्यार्थ्याची गंमत होते. तो इटलीत गेला आणि मोठ्या कष्टाने इटालियन वाक्य जुळवू लागला, तर ते पुरे होण्याआधीच समोरचा इंग्रजीत उत्तर देऊन मोकळा होतो. जपानी मुलाची भाषा कोणालाच येत नसते. गरज त्याला बोलते करते. इंग्रजी भाषिकाची पुंजी सर्वत्र चालते, म्हणूनच त्याची नवी कमाई खुंटते.

तो मराठी घरात आला तरी हेच घडते. काका त्याच्याशी बोलून आपले इंग्रजी घासून घेतात, मुले शाळेतले इंग्रजी वापरतात, काकू खुणांनी काम भागवितात. आजी तेवढ्या मराठीवर ठाम असतात. कारण त्यांना दुसरा इलाज नसतो. सूर्यास्तापूर्वी जेवण का आटोपायचे, पानातला कांदा-बटाटा कुठे गेला, हे त्या मराठीतच सांगतात आणि तो निम्मे समजून घेतो. वर्षअखेर त्याच्या तोंडी जी मराठी उरते, तिच्यातला मोठा वाटा आजींचा असतो.

मराठीही त्याची परीक्षा पाहते. ‘त’ आणि ‘ट’ त्याच्या कानाला एकच वाटतात. ‘चहा’तला ‘च’ ‘चमचा’त कसा बदलतो, ते लिपी सांगत नाही. इंग्रजीत माणूस भुकेला असतो. मराठीत भूक माणसाला लागते. ‘आम्ही जाणार’ म्हटले तर पाहुणा वगळला जातो, ‘आपण जाणार’ म्हटले तर तो सामील होतो. घरातले आपले स्थान त्याला या एका शब्दावरून कळते. त्यातून पुस्तकात ‘मला’ शिकलेला विद्यार्थी कोराडीच्या बाजारात ‘मले’ ऐकतो आणि गोंधळतो.

पुस्तकातली आणि बाजारातली मराठी यांतील हे अंतर मॅक्सीन बर्नसन यांनी अभ्यासाचा विषय केले. या अमेरिकन बाई १९६१ साली भारतात प्रथम आल्या. पुढे त्यांनी फलटणमधील लोकांच्या बोलण्यातील भेदांवर संशोधन केले आणि जाई निंबकर यांच्यासह परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीचे व्याकरण व पाठ्यपुस्तके लिहिली. १९७८ साली त्यांनी भारतीय नागरिकत्व स्वीकारले. १९८४ साली फलटणला प्रगत शिक्षण संस्था उभी केली आणि गावातील मुलांना त्या मराठी वाचायला-लिहायला शिकवू लागल्या. फलटणने त्यांना ‘मॅक्सीन मावशी’ म्हटले. जिची मातृभाषा इंग्रजी, तिने मराठी मुलांना मराठी शिकवावी, ही घटना मराठी घरांनी थांबून पाहावी अशी आहे.

इटलीचे नाव निघालेच आहे, तर एका इटालियन विद्यार्थ्याचे स्मरणही उचित ठरेल. लुइजी पिओ टेस्सीटोरी याचा जन्म १८८७ साली उदिने येथे झाला. भारतात पाऊल ठेवण्यापूर्वीच त्याने फ्लॉरेन्सच्या ग्रंथालयातील जैन हस्तलिखितांच्या आधारे जुन्या पश्चिमी राजस्थानीचा अभ्यास केला होता. आचार्य विजयधर्मसूरींशी त्याचा पत्रव्यवहार होता. १९१४ साली तो भारतात आला, राजस्थानात गावोगाव हिंडून हस्तलिखिते व शिलालेख शोधू लागला आणि १९१९ साली, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, बिकानेरला त्याचे निधन झाले. गुजराती आणि मारवाडी यांची पूर्वपीठिका उलगडणारे त्याचे व्याकरण अभ्यासक आजही हाताळतात. जैन घरांच्या पेट्यांत बासनात बांधून राहिलेली भाषा एका परक्याने अक्षर अक्षर लावून वाचली होती.

विनिमय योजनेतील पाहुणा एवढा विद्वान नसतो. तो फक्त विचारतो, “याला मराठीत काय म्हणतात?” उखळ, परात, देवडी, उंबरठा, अशा शब्दांशी यजमानांच्या मुलांचीही अडखळ होते, ‘मिच्छामि दुक्कडम्’चा अर्थ विचारला, तर ती आजींकडे पाहतात. पाहुण्याला मदत म्हणून सर्वांनी धरलेली इंग्रजी पाहुणा गेल्यावरही घरात राहते, आणि तिचे मोल चुकते करणारी ही मुले असतात. घरची भाषा घरातच पाहुणी होण्याची वेळ अशी हळूच येते.

यावर उपाय मोठा नाही. यजमान कुटुंबाने दिवसातले एक जेवण मराठीसाठी राखून ठेवावे. त्या वेळी पाहुणा अडखळला, तर त्याचे वाक्य पुरे होईपर्यंत सर्वांनी थांबावे. घरची मुले अडखळली, तरीही थांबावे. ताट वाढून झाले, की सुरुवात आजींनी करावी.