आजोबांचं देणं

चि. मृणाल,

गडचिरोलीतल्या ज्या गावांनी एकेकाळी दलमला, म्हणजे नक्षलवाद्यांच्या सशस्त्र तुकडीला, रांधून घातलं, त्याच गावांनी पुढे नक्षलवाद्यांना गावबंदीचे ठराव कसे केले, असं तू विचारलंस. पोलिसांचा जोर वाढला म्हणून, हे उत्तर मला अपुरं वाटतं.

1980 च्या सुमारास ही मंडळी गोदावरीपलीकडून सिरोंचा-अहेरीत आली. तेव्हा फॉरेस्टवाल्यांना कोंबडी दिल्याशिवाय जंगलातून काही आणणं कठीण होतं. तेंदूच्या पुड्याला ठेकेदार म्हणेल तोच भाव. दादालोकांनी, म्हणजे नक्षलवाद्यांनी, तो वाढवायला लावला. त्या पिढीवरचे हे उपकार खरे होते, त्यांना खोटं म्हणू नकोस.

त्या पिढीच्या मुलांच्या वाट्याला मात्र वेगळंच आलं. एकीकडे टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखाली अटक, दुसरीकडे रात्री दारावर दादालोकांची थाप आणि सकाळी वाटेवर पडलेला, खबऱ्या ठरवून मारलेला शेजारी. त्यातच 1990 मध्ये पोलिसांचं नक्षलविरोधी सी-60 पथक उभं राहिलं आणि इथलीच पोरं त्यात भरती झाली. मग मरणारा पोलीस कुणाचा तरी मामेभाऊ निघू लागला. पाठिंबा सुटला तो इथे, असं माझं मत आहे. त्याला वैचारिक पराभव वगैरे म्हणणं मला पटत नाही. घरातलं मरण विसरलं जात नाही, एवढंच.

नातवंडांना फॉरेस्टवाल्यांचा जुना जुलूम फक्त ऐकून ठाऊक. आजोबांचं देणं त्यांनी किती दिवस फेडायचं? शिवाय 2006 चा वनहक्क कायदा आला, 2009 मध्ये मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, आणि पुढे अनेक ग्रामसभा तेंदूपत्ता स्वतः विकू लागल्या. भावासाठी आता बंदूकवाल्याची गरज उरली नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये नक्षलवाद्यांचा नेता भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली, पण गावांनी मनातून त्यांना कितीतरी आधी सोडलं होतं.

म्हणून गावं सुखी झाली असं समजू नकोस. 2023 मध्ये एटापल्ली तालुक्यात तोडगट्ट्याला लोक खाणींविरुद्ध महिनोन्‌महिने ठिय्या देऊन बसले. हातात शस्त्र नव्हतं, ग्रामसभांचे ठराव होते. नोव्हेंबरात पोलिसांनी ते आंदोलन उठवलं. हे मला फार लागलं. बंदूक नाकारणाऱ्या पिढीचं म्हणणं सरकारने ऐकायलाच हवं.

तुझ्या प्रबंधात पाठिंबा ओसरल्याचं लिहिशील, तेव्हा तोडगट्ट्याचं प्रकरण गाळू नकोस.

तुझा,
मामा