औषधावाचून खोकला

मराठीत 'पाळणा' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक, छताच्या कडीला टांगलेली वस्तू. आणि दुसरा, बारशाला ती वस्तू हलवताना म्हणावयाचा रचनाप्रकार. लोकसाहित्याच्या तासाला मी कितीतरी वर्षे दुसऱ्या अर्थाबद्दल बोलत आले. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मुलगी झाली तेव्हा पहिल्या अर्थाचा पाळणा घरात आला. ती सव्वा वर्षाची झाली आणि जून २०२५ मध्ये 'पाळणाघर' हा तिसरा शब्द आमच्या बोलण्यात रुजू झाला. हा समास तसा फसवा आहे. त्यात पाळणाही आहे आणि घरही आहे. त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटते, घरातलाच पाळणा जरा पलीकडच्या गल्लीत सरकवला आहे. प्रत्यक्षात तिथे अकरा मुले, दोन काकू, एक मोठी सतरंजी आणि एक खेळण्यांची टोपली आहे. टोपलीतले प्रत्येक खेळणे संध्याकाळपर्यंत निदान सहा-सात तोंडांत जाऊन येते.

त्यानंतर आमच्या घरी महिन्यांना नवी नावे पडली. जूनची अखेर म्हणजे पहिली सर्दी. जुलै म्हणजे जुलाब. ऑगस्टमध्ये तळहातांवर, तळपायांवर आणि तोंडात पुरळ आले. शेजारच्या आजींनी त्यांना कांजिण्या ठरवून कडुलिंबाचा पाला आणून दिला. डॉक्टरांनी 'हात-पाय-तोंड' असे तीन अवयवांची मोजदाद करणारे नाव सांगितले. सप्टेंबरात पुन्हा सर्दी, ऑक्टोबरात कान, आणि नोव्हेंबरपासून असा खोकला, जो संपला की नाही हे ठरवण्याआधीच त्याचा पुढचा अध्याय सुरू होई. देवी, गोवर, कांजिण्या, डांग्या खोकला अशी ज्या आजारांना आपल्या भाषेने नावे दिली, त्यांची भीती एके काळी घराघरांत होती. मुलीच्या वहीत त्यांतले एकही नाव नाही. तिच्या आजारांना नावच नाही. ते नुसते 'बरं नाही' आहे.

धंतोलीतल्या आमच्या बालरोगतज्ज्ञांनी तिसऱ्या खेपेला एक कागद पुढे ओढून हिशेब मांडला. आईकडून आलेली प्रतिपिंडे पहिल्या वर्षात ओसरत जातात. लहान मुलाला वर्षाकाठी सहा ते आठ वेळा सर्दी होणे ही सर्वसामान्य गोष्ट आहे. पाळणाघरात जाणाऱ्या मुलाला त्याहून अधिक. एकेका सर्दीचे आठ-दहा दिवस धरले आणि खोकला त्यानंतरही रेंगाळतो हे लक्षात घेतले, तर वर्षातले तीन महिने मूल नाक ओढत असणार. त्यातही हे दिवस वर्षभर सारखे विखुरलेले नसतात. पावसाळ्यात आणि थंडीत त्यांची दाटी होते. "मॅडम, तिची प्रतिकारशक्ती कमी नाही. ती कामाला लागली आहे," ते म्हणाले. सर्दीचे विषाणू दोनशेच्या आसपास आहेत आणि प्रत्येकाशी ओळख वेगळी करून घ्यावी लागते, ही गोष्ट मी तेव्हा प्रथम ऐकली.

हे समजल्याने रात्रीचे जागरण कमी झाले नाही. पण जागरणातला एक प्रश्न गेला. 'तिच्यात काही उणे आहे का' हा तो प्रश्न. उशिरा झालेल्या मुलाची आई हा प्रश्न सर्वांत आधी स्वतःला विचारते, आणि ती विसरली तर नातेवाईक आठवण करून देतात. यवतमाळहून सासूबाई आल्या की आधी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढतात. मी त्यांना अडवत नाही. दृष्ट ही कल्पना निदान दोष बाहेरच्या डोळ्याकडे देते. 'तुझे दूधच कमी पडले' असे म्हणणाऱ्यांपेक्षा ती पुष्कळ उदार आहे.

आपल्याकडे 'औषधावाचून खोकला गेला' अशी म्हण आहे. नको असलेला माणूस किंवा कटकट आपसूक टळली की ती वापरतात. तिचा लक्ष्यार्थ मी वर्गात अनेकदा सांगितला आहे; वाच्यार्थाशी गाठ या वर्षी पडली. बहुतेक वेळा लहान मुलाचा खोकला खरोखरच औषधावाचून जातो, आणि औषधावाचूनच जाऊ द्यावा लागतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये आमच्यापासून अडीच-तीन तासांवरच्या छिंदवाडा जिल्ह्यातील लहान मुले खोकल्याचे दूषित औषध पोटात गेल्याने मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. औषधात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य निघाले. त्यांतल्या अनेकांना उपचारांसाठी नागपुरातच आणले होते. त्या आठवड्यात रोज सकाळी वर्तमानपत्र उघडताना हात थांबत असे. त्याच सुमारास केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा देऊ नयेत, असे सर्वांना कळवले.

त्या बातम्यांनंतर आमच्या पाळणाघराच्या दारात एक नवे दृश्य दिसू लागले. आया एकमेकींना बाटल्यांवरची बारीक अक्षरे वाचून दाखवू लागल्या. काही न देणे किती अवघड असते हे त्या घोळक्यात कळले. मूल रात्री दोन वाजता खोकून खोकून उलटी करते, घरातले सगळे जागे होतात, आणि कपाटाकडे जाणारा हात मागे घ्यावा लागतो. मग उरते ते नाकात सोडायचे मिठाच्या पाण्याचे थेंब, वर्षावरच्या मुलाला चालणारा चमचाभर मध, कोमट पाणी, आणि मांडीवर उभे धरून बसणे. ताप असेल तर वजनाच्या मापाने पॅरासिटामॉल. आणि नजर मात्र काही खुणांवर: श्वास फार जलद चालला आहे का, बरगड्यांखालची कातडी आत ओढली जाते का, लघवी कमी झाली का, ताप उतरल्यावरही मूल मलूल राहते का. यांतले काही दिसले तर थांबायचे नाही. बाकी सगळे थांबणे आहे.

थांबण्याला मात्र पैसे लागतात. मी तासिका तत्त्वावर शिकवते. सेट उत्तीर्ण होऊन सतरा वर्षे झाली. जाहिराती निघाल्या, मुलाखती झाल्या, काही रद्दही झाल्या. तासिका तत्त्वाचे व्याकरण सोपे आहे: शिकवला तेवढा तास, तास तेवढा पैसा. मूल आजारी म्हणून घरी राहिले तर रजा मांडायला रजेचा रकानाच नाही. २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. चांगलेच झाले. पण २६ आठवडे संपतात तेव्हा मूल सहा महिन्यांचे असते आणि आजारांचे खरे सत्र त्यानंतर सुरू होते. पहाटे साडेपाचला काखेतला थर्मामीटर १०१ दाखवतो, तेव्हा मी आणि नवरा एकमेकांचे वेळापत्रक अनोळखी माणसाच्या पत्रासारखे वाचू लागतो. आज कोणाचा दिवस मोडायचा? तो हिंगण्याला कारखान्यात आहे. त्याच्या रजा मोजक्या, पण आहेत. माझ्या नाहीत. त्यामुळे बहुधा तो थांबतो, आणि मग कारखान्यात त्याला विचारतात, "घरी बाई नाही का?"

ऑगस्टमधल्या पुरळाचा उगम कुठे, हे पाळणाघरात सगळ्यांना ठाऊक होते, निदान तसे सगळ्यांना वाटत होते. एक मुलगा सकाळी हसतखेळत येई आणि बाराच्या सुमारास तापाने फणफणे. घरून निघताना त्याला तापाचे औषध दिलेले असे. काही पालकांनी त्याला काढूनच टाकावे असे सुचवले. त्याची आई सीताबर्डीवर एका साड्यांच्या दुकानात उभी असते. दुकानात ती धरून सात माणसे. त्यामुळे दहा माणसांपासून पुढे लागू होणारा कायदा तिच्या दारापर्यंत पोचत नाही. खाडा झाला की रोज बुडतो, आणि महिन्यात तीन खाडे झाले की मालक दुसरी मुलगी बघतो. "मॅडम, मला कळत नाही असं नाही," ती मला फाटकाशी म्हणाली, "पण बारा वाजेपर्यंत तरी माझी हजेरी लागते."

त्या वाक्यावर मी बरेच दिवस विचार केला. माझ्या आणि तिच्या परिस्थितीत फरक आहेच. मी खुर्चीवर बसून शिकवू शकते आणि मला 'मॅडम' म्हणतात. पण बुडालेल्या तासाचे आणि बुडालेल्या रोजाचे गणित एकच आहे. शिवाय डॉक्टरांनी सांगितलेली आणखी एक गोष्ट होती: हे विषाणू ताप दिसण्याच्या आधीपासूनच पसरू लागतात, आणि हात-पाय-तोंडाचा विषाणू तर बरे वाटू लागल्यावरही काही आठवडे शौचातून बाहेर पडत राहतो. म्हणजे त्या मुलाला काढून टाकले असते तरी आमचा ऑगस्ट टळला नसता. दोषाचे माणूस ठरवण्याची आपली घाई विषाणूच्या कामी येत नाही. तिच्या मात्र नोकरीवर येते.

याच सुमारास वर्गात एकोणिसाव्या शतकातील स्त्रीजीवन हा भाग सुरू होता. आनंदीबाई जोशी यांचे मूल अवघ्या दहा दिवसांत गेले. १८८६ मध्ये त्या अमेरिकेतून डॉक्टर झाल्या, त्या वाटेची सुरुवात त्या दहा दिवसांत शोधली जाते. त्या काळातील स्त्रियांच्या आठवणींत बालमृत्यू वारंवार भेटतो. हे शिकवून घरी यावे आणि मुलीचे नाक पुसावे, तेव्हा आपल्या काळजीचा आकार फार लहान वाटतो. लसींनी, मीठ-साखर-पाण्याने आणि स्वच्छ नळाने आपल्याला किती मोठ्या भीतीतून सोडवले, याचे भान ठेवलेच पाहिजे. तरीही एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न माझ्याजवळ राहिला. "मॅडम, मूल गेल्याचं लिहिलंय. पण ते नुसतं आजारी असायचं, तेव्हाचं कुठे लिहिलंय?" खरेच, आपल्या साहित्यात मूल मरते किंवा खेळते, नाक वाहणारे, किरकिरे, दहा दिवसांत बरे होणारे मूल क्वचितच दिसते. बहुधा त्या दहा दिवसांत लिहिणारीचे दोन्ही हात गुंतलेले असतात.

सप्टेंबरात काकूंनी सगळ्या आयांना बोलावले. दोन तास चाललेल्या त्या बैठकीत थोरामोठ्यांचे ठराव झाले नाहीत. ताप उतरून चोवीस तास होईपर्यंत मूल आणू नये. पण मूल न आल्याचे पैसे काकूंकडून कापू नयेत, कारण त्यांचेही पोट त्यावरच. लंगोट बदलल्यावर साबणाने हात धुवावेत, कारण हात-पाय-तोंडाच्या आणि जुलाबाच्या विषाणूंवर सॅनिटायझर पुरेसा चालत नाही. खेळणी दोन टोपल्यांत, एक दिवसाआड धुऊन. आणि शेवटचा मुद्दा साडीच्या दुकानातल्या आईनेच मांडला: दोन मुलांना एकच आजार एकाच वेळी झाला असेल, तर ती दोघे एका घरी राहायला काय हरकत आहे?

डॉक्टरांना विचारले, त्यांना हरकत दिसली नाही. नोव्हेंबरच्या खोकल्यात तिचा मुलगा आणि आमची मुलगी दोघेही तापले. माझे तास मंगळवारी आणि शुक्रवारी नसतात; तिची सुट्टी आठवड्याच्या मध्यात येते. दोन दिवस तो आमच्याकडे होता, एक दिवस ही त्यांच्या खोलीत. उरलेल्या दोन दिवसांपैकी एक नवऱ्याने घेतला, एक सासूबाईंनी. मी एकही तास बुडवला नाही. तिचा एकच खाडा झाला. दोन आजारी मुले एका खोलीत ठेवणे म्हणजे काय, हे सांगण्यासारखे नाही. पण दुसरे मूल खोकले की आपले मूल त्याच्याकडे कुतूहलाने बघते आणि क्षणभर रडणे विसरते, हा माझ्यासाठी नवा अनुभव होता. सासूबाईंनी दोघांचीही दृष्ट काढली.

अमेरिकेतील टक्सन येथे शेकडो मुलांचा जन्मापासून पाठपुरावा झाला. त्याचे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष डॉक्टरांनी मला सांगितले: मोठ्या पाळणाघरात गेलेल्या मुलांना दोन वर्षांच्या वयात सर्दी जास्त झाली, सहा ते अकरा या शाळकरी वयात कमी, आणि तेराव्या वर्षी सगळी सारखीच. म्हणजे जी उजळणी कधीतरी करायचीच आहे, ती आमची मुलगी आधी करते आहे. हे सांत्वन मोठे नाही, पण खोटेही नाही.

फेब्रुवारी उजाडला आहे. मुलगी दोन वर्षांची होत आली. गेल्या तीन आठवड्यांत वहीत नवी नोंद नाही. कोपऱ्यातला पाळणा आम्ही उतरवून माळ्यावर ठेवला. जूनमध्ये पाळणाघरात चार नवी मुले येणार आहेत, असे काकू सांगत होत्या. त्यांच्या आयांना पहिल्याच दिवशी डॉक्टरांचा तो हिशेब आणि आमच्या वारांचा तक्ता दाखवायचे आम्ही दोघींनी ठरवले आहे.